दार जरा आपल्याकडे ओढून

आमच्या दाराची एक खोड आहे.
माहीमची खारी हवा खाऊन ते फुगलंय,
किल्ली नुसती फिरवली तर फिरत नाही.
दार आधी जरा आपल्याकडे ओढायचं,
मग मनगट, खांदा नाही,
आणि घाई तर अजिबात नाही.

हे जगात तिघींना ठाऊक :
आई, मी,
आणि समोरच्या हेमलता धुरू.

आमची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची.
मीटरच्या खोक्याशेजारच्या खिळ्याला
परकराच्या नाडीचा तुकडा ओवून टांगलेली.
एकोणीस वर्षं.

मग आमचं भांडण झालं.
कशावरून, ते सांगायला लाज वाटते.
चपलांचं कपाट.
त्यांनी ते पॅसेजमध्ये ठेवलं, आमच्या बाजूला सरकवून.
मी टेप आणून मोजलं.
खरंच मोजलं. चौदा सेंटिमीटर.
त्या म्हणाल्या, लग्न न झालेल्या बाईला
मोजमापं काढायला वेळ असतो.
मी त्यांच्या मुलाबद्दल बोलले,
जो मस्कतहून फोन करत नाही.

दोन्ही वाक्यं खरी होती.
म्हणूनच ती परत घेता आली नाहीत.

पुढे दोन वर्षं जिन्यात समोरासमोर आलो की
मी मोबाईलमध्ये बघायचे,
त्या पिशवीतल्या भाजीत.
दिवाळीचं ताट इकडून तिकडे गेलं नाही.
त्यांनी बोंबील तळले की वास मात्र यायचा,
वासाला कोण सांगणार.

आई म्हणाली, अगं, किल्ली तरी मागून घे.
घेते, म्हटलं.
दर रविवारी घेते म्हटलं.
त्यांनाही आणून आपटता आली असती.
रागात माणूस काय काय परत करतो,
डबे, उसनी वाटी, मापाला दिलेला ब्लाउज,
देणं नसलेले पैसेसुद्धा.
किल्ली तेवढी कुणीच हलवली नाही.
मी त्यांचं दार उघडं दिसलं की
त्या खिळ्याकडे बघून घ्यायचे.
आहे.
मग पुन्हा राग चालू.

मार्चमधला मंगळवार. मी दादरच्या दवाखान्यात
दातांच्या एक्स-रेंवर नावं लिहीत होते.
आई मोरीत घसरली.
हाक मारली ती मला नाही,
"हेमा", अशी मारली.
(हे तिनेच नंतर सांगितलं, जरा ओशाळून.)

मी पोचले तर दार सताड उघडं,
आई खुर्चीत, घोट्यावर
गोठलेल्या मटारची पिशवी,
आणि धुरूबाई मोरीतलं पाणी लोटत होत्या
आमच्याच खराट्याने.
तो कुठे असतो, हे त्यांनी कुणाला विचारलं नसणार.

मी दारातच उभी.
दोन वर्षांत पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.
त्या वर न बघता म्हणाल्या,
दार अजून तसंच आहे तुमचं.
मी म्हटलं, हो, सुताराला सांगायचंय.
त्या म्हणाल्या, नको सांगूस.

माफी कुणी मागितली नाही.
कपाट तिथंच आहे, चौदा सेंटिमीटर आत.
यंदा ताट गेलं. चकल्या मऊ पडल्या होत्या,
त्यांनी तसं सांगितलंही.
आई म्हणते, झालं एकदाचं सगळं नीट.
सगळं नाही झालं.
मस्कतचा विषय मी टाळते
आणि त्या माझं वय टाळतात,
दुखरा दात ज्या बाजूला
त्या बाजूने आपण चावत नाही, तसं.
जेवण होतंच की.

परवा त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाल्या.
रिक्षा खाली थांबलेली, पिशवी काखेत,
आणि माझ्या हातावर एक किल्ली ठेवली.
त्यांची.
तेव्हा लक्षात आलं,
एकोणीस अधिक दोन वर्षांत
त्यांचं दार मी कधी बाहेरून उघडलंच नाही.
त्याची खोड काय, हे विचारलंसुद्धा नाही.

जिना उतरता उतरता त्या ओरडल्या,
आमचं ढकलायचं, बरं का,
आणि घाबरू नकोस,
करकरतं खूप.